बोसांचा कर्णा

2019 च्या ऑक्टोबरमध्ये गूगलचा पिक्सेल 4 हा फोन आला आणि सोबतच बातमी आली, की तो भारतात विकला जाणार नाही. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. फोन मला परवडणारा नव्हताच, पण 'मिळणारच नाही' म्हटल्यावर उगाच राग आला. कारण शोधायला गेलो तर ते गमतीशीर निघालं. फोनच्या वरच्या कडेत एक इवलंसं रडार बसवलेलं होतं. फोनला हात न लावता, समोरून नुसता हात फिरवला की गाणं पुढे जायचं. ते रडार 60 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालायचं आणि त्या पट्ट्यात असं काही चालवायला आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती.

60 गिगाहर्ट्झ म्हणजे 5 मिलीमीटर लांबीची लहर. तांदळाच्या दाण्याएवढी. मी बातमी वाचली आणि विसरून गेलो.

पुढच्या वर्षी लॉकडाउनमध्ये आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. रेडिओचा खरा शोध जगदीशचंद्र बोस यांनी लावला, मार्कोनीने तो चोरला, भारतीय असाल तर पुढे पाठवा, असा मजकूर. खाली माझ्या मामाचा प्रश्न. मामा दूरसंचार खात्यातून निवृत्त झालाय. नोकरीची बरीच वर्षं त्याने डोंगरावरच्या मायक्रोवेव्ह टॉवरवर काढली. त्याने मला टॅग करून विचारलं होतं, "तू इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर ना रे? हे खरं का?"

मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूटवर बसलो होतो. "हो मामा, शंभर टक्के," असं टाइप केलं. दहाबारा अंगठे आले.

उत्तर चुकीचं होतं. आणि ते चुकीचं का आहे हे कळायला जे शिकावं लागतं, ते मी चार वर्षांच्या डिग्रीत शिकलेलो होतो. हा लेख म्हणजे त्या एका ओळीच्या उत्तराची उशिरा केलेली दुरुस्ती.

तारेऐवजी पाइप

ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला मायक्रोवेव्ह इंजिनिअरिंग हा विषय होता. प्रॅक्टिकलला एका टेबलावर पितळी पाइपांची एक माळ मांडलेली असायची. एका टोकाला क्लायस्ट्रॉन, त्याच्या डोक्यावर गार करायला पंखा, मग एकाला एक स्क्रूने जोडलेले चौकोनी पाइप आणि शेवटी एक कर्णा. हॉर्न अँटेना. गणपतीच्या मांडवातल्या लाउडस्पीकरचा चौकोनी धाकटा भाऊ शोभावा असा.

पहिल्या दिवशी मी लॅब असिस्टंट काकांना विचारलं होतं, "काका, हा पाइप पोकळ आहे. आत तारच नाहीये."

"नसतेच."

"मग सिग्नल जातो कुठून?"

"पोकळीतून. आकृती नीट काढ, व्हायव्हाला तेवढंच विचारतात."

उत्तर अगदी बरोबर होतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं असं. घरातल्या विजेची वारंवारिता 50 हर्ट्झ आहे, म्हणजे तिची तरंगलांबी 6000 किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी अंतराच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे बटनापासून दिव्यापर्यंतच्या दहा फूट तारेत एका क्षणी सगळीकडे जवळजवळ सारखीच स्थिती असते. तार कशी वळवली, कुठून नेली, याने काही फरक पडत नाही. पण आमच्या टेबलावरच्या लहरी 10 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या होत्या. तरंगलांबी 3 सेंटिमीटर. इथे वीतभर तारेवर एकाच क्षणी सातआठ शिखरं आणि तेवढ्याच दऱ्या मावतात. अशी तार सिग्नल पोचवत नाही, वाटेतच हवेत सांडते. ती स्वतःच अँटेना होऊन बसते.

म्हणून तार काढून टाकायची आणि लहरीला धातूच्या पोकळ पाइपात कोंडायचं. याला वेव्हगाइड म्हणतात. पाइपाची रुंदी तरंगलांबीच्या निम्म्याहून जास्त हवी, नाहीतर लहर आत शिरतच नाही. आमचा पाइप आतून 22.86 बाय 10.16 मिलीमीटरचा होता. पाइप शेवटी नुसता कापून सोडला, तर काही लहर त्या उघड्या तोंडावर आपटून मागे फिरते. तोंड हळूहळू पसरत नेलं की ती अलगद बाहेर पडते. तुतारीचं तोंड पसरट असतं ते याचसाठी.

मायक्रोवेव्ह इंजिनिअरिंगचं सार एवढंच आहे: वस्तूचा आकार लहरीच्या आकाराच्या बरोबरीला आला, की आकार हेच सर्किट होतं. इथे रेडिओ विजेसारखा वागायचं सोडून उजेडासारखा वागायला लागतो. तो आरशावरून परततो, लोलकातून वळतो, नळीतून वाहतो.

मी जर्नल पूर्ण केलं, सह्या घेतल्या. कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपन्या आल्या आणि मी तिकडे गेलो. तो कर्णा पहिल्यांदा कुणी वापरला हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पेटीत मावणारी प्रयोगशाळा

1887 आणि 1888 मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहे इथे हाइनरिख हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी खरंच असतात हे दाखवून दिलं. या लहरी उजेडासारख्याच वागतात हेही त्यांना सिद्ध करायचं होतं. पण त्यासाठी त्यांनी वापरलेल्या लहरींची लांबी सुमारे 66 सेंटिमीटर होती. एवढ्या मोठ्या लहरीला आरसा दाखवायचा तर आरसाही तसाच लागतो. त्यांचे जस्ताच्या पत्र्याचे आरसे 2 मीटर उंच होते. लोलक डांबरासारख्या राळेचा आणि वजन शेकडो किलो. 1894 च्या 1 जानेवारीला हर्ट्झ गेले, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. त्याच जूनमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी लंडनला हर्ट्झच्या कामावर व्याख्यान दिलं, ते छापून आलं आणि कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांच्या वाचनात आलं.

बोस तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. केंब्रिजला शिकून 1885 मध्ये ते तिथे रुजू झाले. त्याच कामाला युरोपीय प्राध्यापकापेक्षा कमी पगार मिळतो म्हणून तीन वर्षं त्यांनी पगारच उचलला नाही, शिकवत मात्र राहिले. शेवटी सरकारने मागची पूर्ण बाकी चुकती केली. संशोधनासाठी ना प्रयोगशाळा होती, ना वेळ. 30 नोव्हेंबर 1894 ला, छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी ठरवलं की आता संशोधनच करायचं. एक छोटी खोली आणि हाताशी एक पत्र्याचं काम करणारा स्थानिक कारागीर, एवढ्यावर सुरुवात झाली.

जागा आणि पैसा दोन्ही नसलेल्या माणसाने इथे एक फार हुशार निर्णय घेतला. आरसे मोठे करता येत नसतील तर लहर लहान करायची. ठिणगी पाडायला त्यांनी दोन टोकांच्या मध्ये प्लॅटिनमची छोटीशी गोळी ठेवली आणि तरंगलांबी पार 5 मिलीमीटरपर्यंत खाली आणली. हर्ट्झच्या लहरीच्या शंभराव्या भागाहून लहान. हॉलभर पसरणारं सामान आता एका छोट्या पेटीत मावायला लागलं.

त्या पेटीत काय काय होतं ते वाचताना मला माझं लॅबचं टेबल दिसायला लागलं. ठिणगीचा भाग एका धातूच्या नळीत बसवलेला, म्हणजे वेव्हगाइड. दुसऱ्या टोकाला लहरी गोळा करणारा चौकोनी कर्णा. बोस त्याला गोळा करणारं नरसाळं म्हणत. गंधकाचा लोलक आणि गंधकाचंच भिंग. दोन लोलक समोरासमोर ठेवून मधली फट कमीजास्त करण्याची सोय. फट कमी केली की जास्त लहर पलीकडे जाते, वाढवली की कमी. आमच्या लॅबमध्ये सिग्नल कमीजास्त करायला अटेन्युएटर नावाचं एक बटन होतं. हे त्याचंच काम.

आणि माझी सर्वांत आवडती वस्तू: ब्रॅडशॉचं रेल्वेचं वेळापत्रक. जाडजूड पुस्तक. बोसांनी त्याच्या पानापानांमध्ये धातूचे पातळ वर्ख घातले आणि त्याचा पोलरायझर केला, म्हणजे ठरावीक दिशेत हलणाऱ्या लहरीच पलीकडे सोडणारी चाळणी. मग त्यांनी वर्ख नसलेलं साधं पुस्तकही काही प्रमाणात हेच करतं, हेही दाखवलं. पानं आणि त्यांच्यातली हवेची फट मिळून लहरीला दिशा कळते. बंगालच्या तागाचीही त्यांनी हजेरी लावली. पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या लहरींच्या वाटेत ठेवल्या, तर लहर कोणत्या दिशेत हलते ती दिशाच फिरते. उजवा पीळ एकीकडे फिरवतो, डावा दुसरीकडे. साखरेचं पाणी उजेडाच्या बाबतीत असंच करतं, आणि रेणूंच्या त्या वळणाचा हातात धरता येईल असा नमुना त्यांना हवा होता. 1898 मध्ये हे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

1895 मध्ये त्यांनी कलकत्त्यात जाहीर प्रयोग करून दाखवला. तारेविना दूरवर घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. 29 जानेवारी 1897 ला, एका शुक्रवारी संध्याकाळी, ती पेटी घेऊन ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये उभे होते.

मग मार्कोनी?

आता मामाच्या प्रश्नाकडे. 1895 च्या त्या घंटेवरून 'बोसांनी रेडिओ शोधला' असं म्हटलं जातं. पण 1894 ते 1896 या काळात इंग्लंडात लॉज, रशियात पोपोव्ह, इटलीत आणि मग इंग्लंडात मार्कोनी, सगळेच तारेविना काही ना काही पाठवत होते. मार्कोनीला हवी होती तार न टाकता चालणारी तारायंत्र सेवा. जहाजांना, किनाऱ्यांना, पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांना. बोसांना पाहायचं होतं की ही अदृश्य लहर उजेडाची सख्खी बहीण आहे का. दोन वेगळे प्रश्न.

आणि प्रश्न वेगळे म्हणून लहरीही वेगळ्या. 12 डिसेंबर 1901 ला मार्कोनीने इंग्लंडमधल्या पोल्ढूहून निघालेला सिग्नल अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडला ऐकल्याचं जाहीर केलं. त्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या होत्या. तशा लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येतात, म्हणून पृथ्वीच्या गोलाईच्या पलीकडे पोचतात. बोसांची 5 मिलीमीटरची लहर सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की संपली. त्यात 60 गिगाहर्ट्झला हवेतला ऑक्सिजनच ती शोषून घेतो. एका किलोमीटरमागे सुमारे 15 डेसिबल, म्हणजे ताकद तिसाव्या हिश्श्यावर. लांबचा संदेश पाठवायला याहून वाईट लहर निवडणं अवघड आहे. खोलीत बसून लहरींचा स्वभाव तपासायला याहून चांगली लहर तेव्हा कुणाकडे नव्हती.

हे माझ्या दुसऱ्या युनिटच्या नोट्समध्ये होतं. तरी मी 'शंभर टक्के' लिहिलं.

फॉरवर्डमध्ये खऱ्याचा एक दाणा मात्र आहे, तोही सांगायला हवा. 1901 च्या त्या प्रयोगात मार्कोनीने पारा वापरलेला एक डिटेक्टर वापरला होता. तो त्याला इटलीच्या नौदलातल्या मित्राकडून मिळाला होता. बोसांनी 1899 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या लेखात लोखंड आणि पारा वापरून केलेला, आपोआप पूर्वस्थितीला येणारा डिटेक्टर वर्णन केलेला आहे. मार्कोनीच्या डिटेक्टरचं मूळ हेच, असं प्रबीर बंद्योपाध्याय यांनी 1998 मध्ये आयईईईच्या नियतकालिकात सविस्तर मांडलं. मार्कोनीने बोसांचं नाव घेतलं नाही. तक्रार रास्त आहे, पण ती एका भागाबद्दलची आहे. अख्ख्या रेडिओबद्दलची नाही.

बोस निघून गेले

बोसांचं त्या काळातलं सर्वांत दूरदृष्टीचं काम पुढे आहे. लहर आली हे ओळखायचं कसं? तेव्हाचे डिटेक्टर म्हणजे धातूचा कीस भरलेली नळी. लहरी आदळल्या बेभरवशाच्या. बोसांनी आधी स्प्रिंगांचे डिटेक्टर केले, मग एकामागून एक पदार्थ तपासत गेले आणि गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकावर येऊन थांबले. स्फटिकाला धातूचं टोक टेकवायचं, बस. धातूंची सल्फाइडं वीज एका दिशेने जास्त वाहू देतात हे फर्डिनांड ब्राउन यांनी 1874 मध्येच पाहिलं होतं. तसला स्फटिक रेडिओ लहरी ओळखायला वापरणं ही बोसांची भर.

त्यांना पेटंटांचा तिटकारा होता. एका तारायंत्र कंपनीच्या धनाढ्य मालकाने पेटंटसाठी कसा आग्रह धरला, हे त्यांनी 1901 मध्ये रवींद्रनाथ टागोरांना पत्राने कळवलं होतं. शेवटी सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी मनधरणी केल्यावर 1901 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत अर्ज गेला आणि 29 मार्च 1904 ला पेटंट क्रमांक 755840 मिळालं. अर्धवाहक वापरणाऱ्या डिटेक्टरचं हे पहिलं पेटंट मानलं जातं. बोसांनी त्यातून पैसा करायचा प्रयत्न केला नाही.

तोवर त्यांचं मनही दुसरीकडे गेलं होतं. सतत लहरी सोडल्या की डिटेक्टर थकतो आणि विश्रांती दिली की ताजा होतो, हे त्यांना दिसलं. स्नायूसारखंच. 1900 मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्यांनी सजीव आणि निर्जीव यांच्या प्रतिसादांवर लेख वाचला आणि तिथून वनस्पतींकडे वळले. उरलेलं आयुष्य त्याच कामात गेलं. पेटी मिटली.

मला हा भाग वाचताना टोचलं. मीही तो कर्णा सोडून गेलेला माणूस आहे, अर्थात फार लहान प्रमाणात. पण बोसांना दोष देता येत नाही. माणसाचं कुतूहल त्याला नेईल तिकडे तो जाणार. प्रश्न असा आहे, की ते गेल्यावर त्या टेबलावर दुसरं कुणीच का बसलं नाही?

चाळीस वर्षं

बोसांचे केंब्रिजमधले शिक्षक लॉर्ड रेली यांनी 1897 मध्येच पोकळ नळीतून लहरी कशा जातात याचं गणित छापलं होतं. गणित गुरूकडे, नळी शिष्याकडे, दोन्ही एकाच वर्षी लोकांसमोर. पुढे काहीच झालं नाही. जगाला लांबचे संदेश हवे होते आणि त्याला लांब लहरी पुरत होत्या. शिवाय ठिणगीतून निघणाऱ्या मिलीमीटर लहरींत दम नव्हता. त्यांना जोर देईल असं यंत्रच अस्तित्वात नव्हतं. कलकत्त्यात ना उद्योग होता, ना हे काम पुढे नेणारी शिष्यांची फळी. रेलींचा लेख आणि बोसांचा कर्णा दोन्ही कपाटात गेले.

1936 मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जच्या जॉर्ज साउथवर्थ यांनी आणि एमआयटीच्या विल्मर बॅरो यांनी, एकमेकांच्या कामाचा पत्ता नसताना, पोकळ नळीतून लहरी नेल्याचं जाहीर केलं. वेव्हगाइड पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागला. कर्णाही मागोमाग परत आला. पुढच्याच वर्षी, 23 नोव्हेंबर 1937 ला, बोस गिरिडीह इथे वारले.

मग युद्ध आलं. 21 फेब्रुवारी 1940 ला बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडॉल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात सहा भोकं पाडून केलेला मॅग्नेट्रॉन सुरू केला. सुमारे 10 सेंटिमीटरच्या लहरी आणि ताकद 400 वॅटच्या घरात. त्या लांबीवर एवढी ताकद आधी कुणाच्या हाती नव्हती. तत्त्व शिट्टीचं: पोकळीवरून हवा गेली की शिट्टी वाजते, इथे पोकळ्यांवरून इलेक्ट्रॉन फिरतात. सप्टेंबरमध्ये टिझार्ड शिष्टमंडळाबरोबर एक मॅग्नेट्रॉन अमेरिकेला गेला. एमआयटीत रेडिएशन लॅबोरेटरी उभी राहिली, विमानात मावणारी रडारं तयार झाली. माझ्या लॅबमधल्या त्या पाइपाचा चमत्कारिक वाटणारा आकार, 22.86 बाय 10.16, म्हणजे 0.9 बाय 0.4 इंच. बाहेरून एक इंच बाय अर्धा इंच. आम्ही विसाव्या शतकाच्या मध्यावरची इंचपट्टी गिरवत होतो.

रडारच्या रिसीव्हरसाठी निर्वात नळ्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा इंजिनिअर परत स्फटिकाला टेकवलेल्या धातूच्या टोकाकडे गेले. या वेळी स्फटिक सिलिकॉनचा होता. तो शुद्ध करता करता 1947 च्या ट्रान्झिस्टरची वाट तयार झाली. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, वॉल्टर ब्रॅटन, यांनी पिअर्सन यांच्यासह 1955 मध्ये अर्धवाहकांचा इतिहास लिहिला, त्यात स्फटिकाने रेडिओ लहरी ओळखण्याचं श्रेय बोसांना दिलं.

बाकीचं आपल्या घरात आहे. मॅग्नेट्रॉनसमोर खिशातलं चॉकलेट वितळल्याचं पाहून रेथिऑनच्या पर्सी स्पेन्सर यांनी त्याचा ओव्हन केला, तोच आज पोळी गरम करतो. पवईच्या समीर या संस्थेच्या तर नावातच मायक्रोवेव्ह आहे. कर्करोगावरच्या किरणोपचारासाठी लागणारी यंत्रं त्यांनी देशात तयार केली. त्या यंत्रात इलेक्ट्रॉनांना वेग देतात त्या मायक्रोवेव्हच.

युद्ध संपल्यावर रेडिएशन लॅबने एक काम केलं, त्याबद्दल मला रडारपेक्षाही जास्त आदर वाटतो. आपण जे शिकलो ते सगळं लिहून काढलं. 28 खंड. पाइप केवढा हवा, जोड कसा द्यायचा, मोजायचं कसं. ते वाचून जगभरच्या कॉलेजांत टेबलं मांडली गेली, माझ्या कॉलेजातही. बोसांचे लेखही छापलेले होते, पण त्यांच्यावर पुढे काम करणारं कुणी नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्याला ही गोष्ट लवकर कळते. कोड उत्तम असतो, सगळ्यांसाठी खुला असतो, लिहिणारा दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो, सांभाळणारं कुणी नसतं. दहा वर्षांनी दुसरं कुणीतरी तेच पुन्हा लिहितं. त्याला चोरी म्हणत नाहीत. जी गोष्ट रोज कुणीतरी वापरत नाही, ती लोक विसरतात.

टॉवरवरचा माणूस

बोसांच्या प्रयोगांना शंभर वर्षं झाली तेव्हा, 1997 मध्ये, अमेरिकेतले रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ डी. टी. इमर्सन यांनी त्यांच्या कामावर लेख लिहिला. ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या 12 मीटरच्या दुर्बिणीसाठी 1.3 मिलीमीटर लहरींचा नवा रिसीव्हर तेव्हा बांधला होता, त्यात बोसांच्या मूळ लेखांतल्या काही कल्पना वापरल्याचं त्यांनी नमूद केलं. 2012 मध्ये आयईईईने कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सीत बोसांच्या नावाचा फलक बसवला. त्यावरचा शब्द नेमका आहे: मिलीमीटर लहरी. आता 5जीसाठी भारतात 26 गिगाहर्ट्झचा पट्टा दिलेला आहे. लहरी पुन्हा आखूड होत चालल्यात आणि त्याच अडचणी परत आल्यात: सरळ रेषा, भिंती, थोडकं अंतर. पण जिथे थोडकंच अंतर हवंय, तिथे ही अडचण सोयीची ठरते. पिक्सेलमधल्या रडारला हातभरच पाहायचं होतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मामाला फोन केला. ग्रुपवर लिहिण्यासारखं ते नव्हतं. अर्धा तास बोललो. चोरीचं फारसं खरं नाही, हे सांगितल्यावर तो थोडा हिरमुसला. मग मी कर्ण्याचं सांगितलं.

"म्हणजे आमच्या डिशच्या तोंडाशी असायचा तो छोटा हॉर्न?"

"तोच, मामा. आणि टॉवरवरून खाली येणारा पाइप पण."

"वेव्हगाइड म्हण की. मला काय शिकवतोस?"

मग तो बोलायला लागला. मी इतकी वर्षं त्याला कधी विचारलंच नव्हतं. पावसाळ्यात वेव्हगाइडमध्ये ओल शिरू नये म्हणून त्यात सतत कोरडी हवा भरून ठेवावी लागायची. हवा कोरडी करणाऱ्या डब्यात निळे खडे असायचे, सिलिका जेलचे. ते गुलाबी झाले की समजायचं, ओल आलीय. रात्री-बेरात्री, धुक्यात, तो टॉर्च घेऊन खड्यांचा रंग बघायला उठायचा. आत पाणी साचलं की खालच्या सगळ्या जिल्ह्याचे फोन खरखरायचे. आता सगळीकडे फायबर गेलंय, आणि तिथे कुणी राहतही नाही.

थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारलं, "कलकत्त्यात तर आपल्याहून दमट. त्या बोसांनी सगळं कोरडं कसं ठेवलं असेल रे?"

मामाला उत्तर द्यायला या वेळी मी घाई केली नाही. नंतर शोधलं. बंगालच्या उष्ण, दमट हवेत डिटेक्टरचा पृष्ठभाग खराब होतो, संवेदनशीलता जाते, ही तक्रार बोसांनी स्वतःच लिहून ठेवलेली आहे. नवनवे पदार्थ तपासत जाण्यामागे, हेही एक कारण असावं. मी तो परिच्छेद मराठीत टाइप करून मामाला पाठवला.

त्याचं उत्तर आलं: "असणारच."